स्वस्त कपडे घेणं चुकीचं आहे का? राणा प्लाझानंतरच्या बांगलादेशात सापडणारं उत्तर

कपाटातला एखादा टी-शर्ट किंवा जीन्स काढा आणि आतल्या बाजूचं लेबल वाचा. मॉलमधल्या परदेशी ब्रँडचा कपडा असेल, तर त्यावर 'मेड इन बांगलादेश' असं लिहिलेलं असण्याची शक्यता बरीच आहे.

बांगलादेश भारतालाही वर्षाला साधारण ७० कोटी डॉलरचे तयार कपडे विकतो. पूर्वी यातला बहुतेक माल पेट्रापोलसारख्या सीमेवरच्या नाक्यांवरून ट्रकने यायचा. १७ मे २०२५ रोजी भारत सरकारने जमिनीवरचा हा रस्ता बंद केला. यापुढे हे कपडे फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा या दोन बंदरांतून येतील, असं जाहीर झालं. या बातमीवर चर्चा झाली ती व्यापाराची आणि दोन देशांमधल्या ताणलेल्या संबंधांची.

पण या कपड्यांबद्दल आणखी एक प्रश्न जगभर बरीच वर्षं विचारला जातोय. तीनशे रुपयांत टी-शर्ट मिळतो, म्हणजे तो शिवणाऱ्याच्या हातात किती पडत असतील? आणि हे माहीत असूनही तो विकत घेणं बरोबर आहे का?

सोशल मीडियावर याची दोन तयार उत्तरं मिळतात. एक म्हणजे, 'हे शोषण आहे, असले कपडे घेऊच नका.' दुसरं म्हणजे, 'तुम्ही घेतले नाहीत तर त्या गरीब बाईची आहे ती नोकरीही जाईल, म्हणून बिनधास्त घ्या.' बांगलादेशात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे घडलं ते पाहिलं, तर ही दोन्ही उत्तरं अर्धवट ठरतात.

२४ एप्रिल २०१३ ला काय घडलं?

ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. खालच्या भागात दुकानं आणि एका बँकेची शाखा, वर पाच कपडे कारखाने. वरचे मजले परवानगी नसताना चढवलेले. त्यावर जड जनरेटर आणि हजारो शिलाई मशीन.

२३ एप्रिलला इमारतीच्या खांबांना आणि भिंतींना तडे गेलेले दिसले. इमारत रिकामी केली गेली. दुसऱ्या दिवशी बँक बंद राहिली, दुकानंही बंद राहिली. कपडे कारखान्यांतल्या कामगारांना मात्र कामावर यायला सांगितलं गेलं. अनेकांना आत जायचं नव्हतं, पण महिना संपत आला होता आणि पगार अडकेल अशी धास्ती होती.

सकाळी नऊच्या सुमारास वीज गेली, जनरेटर सुरू झाले आणि काही वेळातच इमारत कोसळली. १,१३४ माणसं मेली, अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली. इमारतीचा मालक सोहेल राणा चार दिवसांनी भारताच्या सीमेजवळ बेनापोल इथे पकडला गेला.

ढिगाऱ्यात माणसांबरोबर युरोप-अमेरिकेतल्या नावाजलेल्या ब्रँडची लेबलंही सापडली. त्याच्या पाच महिने आधी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, आशुलियातल्या ताझरीन फॅशन्स या कारखान्यात आग लागून शंभराहून अधिक कामगार मेले होते. तिथेही परदेशी ब्रँडचं काम सुरू होतं.

तेव्हा बांगलादेशात कपडे कामगाराचं किमान वेतन होतं महिना ३,००० टाका. भारतीय रुपयांत तेव्हाच्या दराने दोन हजारांच्या आसपास.

एकाच देशात इतके कपडे का शिवले जातात?

बांगलादेशात कापूस जवळपास पिकत नाही. तरीही चीनच्या मागोमाग कपडे निर्यातीत तो जगात आघाडीवर आहे. देशाच्या एकूण निर्यातीतला ८० टक्क्यांहून अधिक हिस्सा कपड्यांचा आहे आणि साधारण ४० लाख लोक या धंद्यात आहेत. त्यात निम्म्याहून अधिक बायका.

याची सुरुवात एका कोट्यातून झाली. १९७४ मध्ये श्रीमंत देशांनी आपल्या कापड गिरण्या वाचवण्यासाठी एक करार केला. प्रत्येक देशातून किती कपडे आयात करायचे याची मर्यादा ठरली. दक्षिण कोरियासारख्या देशांचा कोटा भरत आला, तेव्हा तिथल्या कंपन्या कोटा शिल्लक असलेले देश शोधू लागल्या.

त्यातूनच 'देवू' या कोरियन कंपनीने बांगलादेशातल्या 'देश गारमेंट्स'शी हातमिळवणी केली. १९७९ मध्ये १३० बांगलादेशी माणसं कोरियातल्या बुसानला शिकायला गेली. परत आल्यावर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले किंवा दुसऱ्यांचे उभे करून दिले. २००४ च्या अखेरीस कोटा संपला, पण तोवर धंदा मुरला होता. कमी मजुरी आणि युरोपात करमुक्त प्रवेश, या दोन गोष्टींवर तो वाढत गेला.

म्हणजे स्वस्त मजुरी हाच या धंद्याचा पाया. ती महाग झाली तर काम व्हिएतनाम, कंबोडिया किंवा इथिओपियाला जाईल, ही भीती कारखानदार आणि सरकार दोघांनाही कायम असते.

'नोकरी तर मिळते ना?'

स्वस्त कपड्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बांगलादेशातल्या खेड्यात मुलीपुढे पर्याय काय होते? शेतमजुरी, दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी किंवा लवकर लग्न.

रेचेल हीथ आणि अहमद मुशफिक मोबारक या अर्थतज्ज्ञांनी कपडे कारखान्यांच्या आसपासच्या गावांचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कारखाने जवळ असलेल्या गावांत मुलींची लग्नं उशिरा होत होती, पहिलं मूल उशिरा होत होतं आणि लहान मुली शाळेत जास्त टिकत होत्या. कारखान्यात काम मिळवायचं तर थोडं वाचता-मोजता यायला हवं, हे आईबापांना कळत होतं.

म्हणजे महिन्याचा पगार अगदी कमी असला, तरी त्याने बायकांच्या आयुष्यात फरक पडला.

पण सगळीकडे असंच होतं असं नाही. क्रिस्टोफर ब्लॅटमन आणि स्टीफन डेर्कन यांनी इथिओपियात प्रत्यक्ष प्रयोग केला. कारखान्यात नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून काम दिलं आणि बाकीच्यांशी तुलना केली. ज्यांना काम मिळालं त्यांच्यातले बरेच जण काही महिन्यांतच सोडून गेले. बाहेरच्या फुटकळ कामांपेक्षा तिथे पैसे जास्त मिळत नव्हते आणि तब्येतीच्या तक्रारी मात्र वाढल्या होत्या.

यावरून इतकंच म्हणता येतं की कारखाना येणं चांगलं असू शकतं, पण 'नोकरी आहे' एवढ्यावर प्रश्न मिटत नाही. त्या नोकरीत काय मिळतं, हे विचारावंच लागतं. शिवाय, 'दुसरा पर्याय याहून वाईट आहे' हे कारण तडे गेलेल्या इमारतीत माणसं बसवायला पुरत नाही. खांबाला तडा गेल्यावर मजूर बाहेर थांबला असता, तर कुणाचीही नोकरी कायमची गेली नसती.

बहिष्कार टाकला तर काय होतं?

याचाही अनुभव बांगलादेशाने घेतलाय.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या कपडे कारखान्यांत लहान मुलं सर्रास काम करायची. अमेरिकेतले सिनेटर टॉम हार्किन यांनी एक विधेयक मांडलं. बालमजुरांनी बनवलेला माल अमेरिकेत येऊ द्यायचा नाही, असा त्याचा आशय. विधेयक मंजूर झालंच नाही. पण नुसत्या भीतीने बांगलादेशी कारखानदारांनी मुलांना काढून टाकलं. 'युनिसेफ'च्या अंदाजाप्रमाणे अशी जवळपास ५०,००० मुलं होती.

ती शाळेत गेली का? फार थोडी. युनिसेफने मागोवा घेतला, तेव्हा बरीच मुलं खडी फोडण्यासारख्या, रस्त्यावरच्या आणि काही तर देहविक्रीच्या धंद्यात सापडली. कारखान्यापेक्षा कमी पैसे आणि जास्त धोका.

१९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी एक करार केला. उरलेल्या मुलांना कामावरून कमी करायचं, पण त्यांच्यासाठी शाळा काढायच्या, घरच्यांना थोडा भत्ता द्यायचा आणि जमल्यास त्यांच्या जागी घरातल्याच मोठ्या माणसाला काम द्यायचं. कपडे निर्यातीतून बालमजुरी खूप कमी झाली ती या वाटेने.

म्हणूनच बांगलादेशातले कामगार नेते बहिष्काराची मागणी करत नाहीत. कल्पना अख्तर हे त्यातलं जगभर माहीत असलेलं नाव. बाराव्या वर्षी त्या कारखान्यात कामाला लागल्या, पुढे युनियन बांधायला लागल्या म्हणून काढलं गेलं, आणि आज त्या कामगार हक्कांसाठी संस्था चालवतात. त्यांची भूमिका अनेक वर्षं तीच आहे. कपडे घ्या, काम बंद पाडू नका, पण हे काम सन्मानाचं व्हावं म्हणून ब्रँडला जाब विचारा.

टी-शर्टच्या किमतीत कामगाराचा वाटा किती?

'फेअर वेअर फाउंडेशन' या युरोपातल्या संस्थेने २९ युरोच्या एका टी-शर्टचा हिशेब मांडला होता. त्यातले सुमारे १७ युरो दुकानाकडे जातात. त्यात भाडं, नोकरदार, कर, नफा सगळं आलं. ब्रँडचा नफा साडेतीन युरोंच्या वर. कापड आणि साहित्य जवळपास तेवढंच. वाहतूक दोन युरोंच्या आसपास. कारखानदाराचा नफा एक युरोहून थोडा जास्त.

शिवणाऱ्याला मिळतात ०.१८ युरो, म्हणजे किमतीच्या ०.६ टक्के. हजार रुपयांच्या टी-शर्टमागे सहा रुपये म्हणा.

हा एका महागड्या टी-शर्टचा हिशेब आहे. अगदी स्वस्त कपड्यात मजुरीचं प्रमाण याहून जास्त असतं. तरी एक गोष्ट यातून कळते. शिवणाऱ्याची मजुरी दुप्पट केली, तरी या टी-शर्टवर १८ सेंटच वाढतात. मधला प्रत्येक जण आपापला टक्का त्यावर लावतो म्हणून दुकानात थोडी जास्त वाढ दिसेल, पण ग्राहक पळून जाईल इतकी नाही.

यातून दुसरी गोष्टही कळते. महाग कपडा घेतला म्हणजे कामगाराला जास्त मिळाले, असं होत नाही. एकाच कारखान्यात, अनेकदा एकाच मजल्यावर, स्वस्त दुकानाचा आणि महागड्या ब्रँडचा माल शिवला जातो. शिवणारीचा पगार दोन्हीकडे तोच. किमतीतला फरक कापड, जाहिरात, दुकानाची जागा आणि नफ्यात जातो. त्यामुळे 'मी ब्रँडेड घेतो, तेव्हा माझा काही दोष नाही' या समजुतीला आधार नाही.

मग पगार का वाढत नाही?

कारण किंमत जिथे ठरते त्या टेबलावर कामगार नसतो. तिथे एका बाजूला ब्रँडचा खरेदी करणारा माणूस असतो आणि दुसऱ्या बाजूला कारखानदार. ब्रँड मोजके, कारखाने हजारो. 'इतक्या सेंटला जमत असेल तर सांगा, नाहीतर शेजारचा तयार आहे' असा तो व्यवहार. भाव पाडून घेतला की कारखानदार तो वरच्या खर्चातून काढू शकत नाही. कापूस, सूत, वीज यांचे दर त्याच्या हातात नाहीत. हातात राहतो तो फक्त मजुरीचा खर्च. मग तासाचं टार्गेट वाढतं, ओव्हरटाइम वाढतो किंवा काम गुपचूप छोट्या कारखान्याकडे दिलं जातं.

हा व्यवहार किती एकतर्फी आहे ते कोरोनात उघडं पडलं. मार्च-एप्रिल २०२० मध्ये ब्रँडनी बांगलादेशातल्या ऑर्डर धडाधड रद्द केल्या किंवा थांबवल्या. कारखानदारांच्या संघटनेच्या आकड्यानुसार हा माल तीन अब्ज डॉलरच्या वर होता. यात शिवून तयार असलेला मालही होता. कापडाचे पैसे कारखान्याने आधीच भरलेले, ब्रँड मात्र माल पोचल्यावर पैसे देणार, अशी या धंद्याची रीत. लाखो कामगार पगाराविना घरी गेले.

त्यानंतर 'पे अप' नावाची मोहीम सोशल मीडियावर उभी राहिली. कुठल्या ब्रँडने पैसे दिले आणि कुठल्याने नाही, याच्या याद्या फिरू लागल्या. अनेक मोठ्या ब्रँडनी नंतर पूर्ण पैसे देण्याचं मान्य केलं. कपडे घेणं कुणी थांबवलं नव्हतं. ब्रँडचं नाव घेऊन एक नेमकी मागणी केली होती.

मजुरी वाढली की काम दुसरीकडे जातं, ही भीती मराठी वाचकाला नवी नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी संप पुकारला. संप मोडला आणि तोवर कापडाचं बरंचसं काम भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर गेलं होतं. तिथे युनियन नव्हती आणि मजुरी कमी होती. आज तीच गोष्ट देशांच्या पातळीवर घडते. म्हणून एकट्या कारखान्याला किंवा एकट्या देशाला पगार वाढवणं जड जातं.

राणा प्लाझानंतर काय बदललं?

एक गोष्ट खरंच बदलली. मे २०१३ मध्ये ब्रँड आणि जागतिक कामगार संघटनांमध्ये एक करार झाला. त्याला 'अकॉर्ड' म्हणतात. दोनशेहून अधिक ब्रँडनी त्यावर सह्या केल्या.

त्याआधीही ब्रँड तपासणी करायचेच. राणा प्लाझातल्या काही कारखान्यांची तपासणीही झालेली होती. पण ती ब्रँडने पैसे देऊन करून घेतलेली, अहवाल फायलीत ठेवायचा आणि इमारतीच्या मजबुतीकडे पाहायचंच नाही, अशा पद्धतीची. अकॉर्डने चार गोष्टी वेगळ्या केल्या.

पहिली, करार कायद्याने बंधनकारक होता. ब्रँडने शब्द मोडला तर त्याला लवादासमोर उभं करता येत होतं. आणि तसं झालंही. कामगार संघटनांनी दोन ब्रँडविरुद्ध हेगच्या लवादाकडे दाद मागितली. त्यातल्या एका ब्रँडने जानेवारी २०१८ मध्ये २३ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

दुसरी, तपासणी करणारे इंजिनिअर स्वतंत्र होते आणि अहवाल सगळ्यांना वाचायला खुले होते.

तिसरी, दुरुस्तीचा खर्च कारखान्याला परवडेल अशी सोय करणं ब्रँडवर बंधनकारक होतं.

चौथी, जागा धोकादायक वाटली तर कामगार आत जायला नकार देऊ शकत होता. २३ एप्रिलला तडे पाहणाऱ्यांकडे हा हक्क नव्हता.

सोळाशेहून अधिक कारखाने तपासले गेले आणि पहिल्या तपासणीत सापडलेल्या त्रुटींपैकी ९० टक्क्यांच्या आसपास दूर झाल्या. निर्यातीच्या मोठ्या कारखान्यांत राणा प्लाझासारखी घटना पुन्हा घडलेली नाही.

हा बदल कराराने झाला की देश आपसूक सुधारला? जुलै २०२१ मध्ये नारायणगंजजवळ हाशेम फूड्स या खाद्यपदार्थांच्या कारखान्यात आग लागली आणि किमान ५२ जण मेले. मेलेल्यांत लहान मुलंही होती. सरकार तेच, सरकारी तपासनीसही तेच. पण तो कपड्यांचा कारखाना नव्हता, म्हणून अकॉर्डच्या बाहेर होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये ढाक्याच्या मीरपूरमध्ये एका कपडे कारखान्याला आणि शेजारच्या रसायनांच्या गोदामाला आग लागून किमान १६ जण गेले. गच्चीकडे जाणारं दार कुलूपबंद होतं, असं अग्निशमन दलाने सांगितलं. छोटे कारखाने अजूनही या जाळ्याबाहेर आहेत.

पगाराचं मात्र तसं का झालं नाही?

बांगलादेशात कपडे कामगारांचं किमान वेतन सरकारी मंडळ तेव्हा साधारण पाच वर्षांनी ठरवायचं. २०१३ च्या अखेरीस ते ५,३०० टाका झालं, २०१८ च्या अखेरीस ८,०००.

२०२३ मध्ये पुन्हा वेळ आली तेव्हा महागाई ९ टक्क्यांच्या पुढे होती. संघटनांची मागणी होती २३,००० टाका. मालकांनी सुरुवातीला देऊ केले १०,४००. कामगार रस्त्यावर उतरले, पोलिसांशी चकमकी झाल्या, आंदोलनात किमान चार कामगार मेले. शेवटी आकडा ठरला १२,५०० टाका. तेव्हाच्या दराने साधारण साडेनऊ हजार रुपये. आठवड्याचे सहा दिवस, ४८ तास आणि वर ओव्हरटाइम.

८,००० वरून १२,५००, म्हणजे ५६ टक्के वाढ. आकडा मोठा दिसतो. पण ब्रँड पैसे डॉलरमध्ये देतात आणि मधल्या काळात टाका बराच घसरला होता. डॉलरमध्ये मोजलं तर ९५ चे ११३ झाले. पाच वर्षांत जेमतेम १९ टक्के.

सुरक्षेसाठी करार झाला, पगारासाठी झाला नाही. फरक तिथे आहे. पगाराबाबत ब्रँडनी दिली ती आश्वासनं. 'एच अँड एम'ने २०१३ मध्ये जाहीर केलं होतं की २०१८ पर्यंत साडेआठ लाख कामगारांना जगण्यापुरता पगार मिळेल अशी व्यवस्था करू. २०१८ मध्ये कामगार हक्क संघटनांनी हे घडलं नसल्याचं म्हटलं. कंपनीचं म्हणणं होतं की पगार ठरवण्याच्या चांगल्या पद्धती नऊ लाखांहून अधिक कामगारांपर्यंत पोचवल्या. पद्धत पोचणं आणि पगार पोचणं यात अंतर आहे. पण वचन करारात नव्हतं, त्यामुळे कुणी लवादाकडे जाऊ शकत नव्हतं.

दुसरं कारण युनियनचं. पगार वाढवून घेण्याचा जुना मार्ग म्हणजे संघटना. त्या मार्गावर चालणं बांगलादेशात जिवावर बेतू शकतं. २०१२ मध्ये कामगार नेते अमिनुल इस्लाम यांचा मृतदेह सापडला, अंगावर छळाच्या खुणा होत्या. जून २०२३ मध्ये शाहिदुल इस्लाम हे नेते गाजीपूरमध्ये कामगारांचा थकलेला पगार मागायला गेले होते. तिथून निघाल्यावर झालेल्या मारहाणीत त्यांचा मृत्यू झाला.

पगार वाढवला तर काम जातंच का? इंडोनेशियात १९९० च्या दशकात नायकी, आदिदास, रिबॉक यांच्यासाठी काम करणाऱ्या कारखान्यांवर बाहेरून मोठा दबाव आला होता. अ‍ॅन हॅरिसन आणि जेसन स्कॉर्स यांनी त्याचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. या कारखान्यांत पगार इतरांपेक्षा बराच वाढला. कारखान्यांचा नफा घटला, काही छोटे कारखाने बंदही झाले. पण एकूण नोकऱ्यांत लक्षणीय घट दिसली नाही. म्हणजे किंमत मोजावी लागते, पण ती 'सगळं काम निघून जाईल' इतकी असतेच असं नाही.

कायदे काय सांगतात?

राणा प्लाझानंतर फ्रान्सने २०१७ मध्ये कायदा केला. मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांकडे माणसांच्या हक्कांचं काय होतं याचा आराखडा मांडायचा आणि त्यावर अंमल करायचा. जर्मनीत अशाच कायद्याचा अंमल जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये सगळ्या सदस्य देशांसाठी नियम मंजूर केले, पण उद्योगांच्या विरोधानंतर ते सैल करण्याची प्रक्रिया पुढच्याच वर्षी सुरू झाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कपडे कामगारांना नगावर मजुरी देणं बंद केलं आणि थकलेल्या पगारासाठी ब्रँडलाही जबाबदार धरलं. पण हा नियम त्या राज्यातल्या कारखान्यांपुरता आहे.

भारतात परदेशातल्या पुरवठादारांबद्दल असं बंधन घालणारा कायदा नाही. आणि 'मेड इन इंडिया' लेबल पाहून निर्धास्त व्हावं असंही नाही. कर्नाटकात एप्रिल २०२० पासून लागू असलेला महागाई भत्ता कपडे कारखान्यांनी जवळपास दोन वर्षं दिला नव्हता. चार लाखांहून अधिक कामगारांचा हा प्रश्न होता. तोही सुटला तो संघटनांनी ब्रँडपर्यंत तक्रार नेल्यावर.

मग ग्राहकाने करायचं काय?

आधी कुणाला काय विचारायचं ते ठरवू. महिना पंधरा हजारांत घर चालवणाऱ्या बाईने मुलासाठी दोनशेचा शर्ट घेतला, तर तिला नैतिकतेचे धडे देण्यात अर्थ नाही. तिची आणि शिवणारीची परिस्थिती फार वेगळी नाही. हा प्रश्न आहे तो ज्यांच्याकडे निवडीला वाव आहे त्यांच्यासाठी.

त्यांच्यासाठी 'घ्यायचं की नाही' या प्रश्नापेक्षा 'घेतल्यावर काय मागायचं' हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे. ब्रँड आपल्या कारखान्यांची यादी जाहीर करतो का? 'ओपन सप्लाय हब' या खुल्या संकेतस्थळावर जगभरातल्या कारखान्यांची नावं शोधता येतात. ब्रँडची सही अकॉर्डवर आहे का? त्या यादीत कोण आहे आणि कोण नाही, हेही उघड आहे. पगाराबद्दल त्याने कुठल्या करारावर सही केलीय की फक्त संकेतस्थळावर सुंदर वाक्यं लिहिलीत? हे प्रश्न ब्रँडच्या पोस्टखाली जाहीरपणे विचारता येतात. कोरोनात पैसे वसूल झाले ते असेच.

भारतीय ब्रँड आणि मोठ्या दुकानसाखळ्यांनाही हेच विचारायला हवं. त्यांचा माल तिरुपूर, बेंगळुरू, ढाका कुठूनही येत असो.

दुसरी गोष्ट कपड्यांच्या संख्येची. दर आठवड्याला नवा माल आणि दर सणाला सेल हवा असेल, तर ऑर्डर घाईची होते आणि ती घाई शेवटी रात्रीच्या ओव्हरटाइमवर येऊन पडते. चार वेळा घालून टाकायच्या पाच कपड्यांऐवजी टिकणारे दोन घेतले तर ती घाई थोडी कमी होईल. पण फक्त याने कुणाचा पगार वाढणार नाही, हेही स्पष्ट असलेलं बरं. कारण पगार दुकानातल्या निवडीवर ठरत नाही.

तो ठरतो ब्रँड आणि कारखान्यातल्या करारावर. २०१३ मध्ये १,१३४ माणसं मेल्यावर जगभरातल्या ग्राहकांचा राग इतका होता की ब्रँडना सुरक्षेच्या करारावर सही करावी लागली, आणि इमारती पक्क्या झाल्या. पगारासाठी तशी सही अजून झालेली नाही. पगार कमी पडतो म्हणून एका दिवशी हजार माणसं मरत नाहीत, त्यामुळे त्याची बातमी होत नाही आणि रागही साठत नाही. बांगलादेशात पुढचं वेतन मंडळ बसेल तेव्हा आकडा पुन्हा ढाक्यात ठरेल. तो देण्याइतका भाव ब्रँडनी कारखान्याला दिला का, हे मात्र लेबल वाचणाऱ्यांना विचारता येईल.